विटाळलेली नळी

एकोणऐंशी सालच्या मे महिन्याच्या नऊ तारखेला, बुधवारी, दुपारी बाराच्या सुमारास उकळत्या पाण्यातून काढलेल्या नळीत निळं आलं, आणि चंपतराव टेंभुर्णे यांच्या पोटात एक सुखाची कळ उठली. पंगतीत बसल्यावर वाढपी गोडाचं ताट घेऊन आपल्याच दिशेनं येताना दिसावा, तशी. त्यांनी नळी खिडकीशी नेली, उन्हात धरली आणि मागे पांढरा कागद धरला. कॉलेजच्या जीवरसायन विभागात बावीस वर्षं टेक्निशियनची नोकरी केलेल्या माणसाला सुखसुद्धा पांढऱ्या कागदासमोर धरून तपासायची सवय लागते. निळंच होतं. फार नव्हे, धुतलेल्या सदऱ्याला नीळ एक थेंब जास्त झाली की दिसतं तेवढं. नळीवर त्यांच्याच अक्षरात नाव होतं: हरकरे. चंपतरावांनी रजिस्टर उघडलं, तारीख टाकली, पुढे 'निळे' असं लिहिलं आणि शब्दाखाली रेघ मारावी की नाही याचा बराच वेळ विचार केला. मारली नाही. सरकारी रजिस्टरमध्ये आनंद व्यक्त करू नये एवढं त्यांना कळत होतं.

गोष्ट तशी सोपी होती. डीएनए हा पेशीच्या आत, अगदी गाभाऱ्यात बसलेला पदार्थ; त्यानं चौकट ओलांडून रक्तात मोकळं हिंडू नये असं पुस्तकांत लिहिलेलं होतं. निरोगी माणसाच्या रक्तात तो बाहेर सापडलाच तर इतका थोडा, की चंपतरावांच्या नळीला त्याचा पत्ताही लागत नसे. पण कॅन्सरच्या कितीतरी रोग्यांच्या रक्तात तो उघड फिरत असे, आणि तापवलेल्या औषधाची गाठ पडली की निळा होऊन ओळख देत असे. गाठ कापून काढली की निळं जाई. गाठ परत आली, तर सर्जनच्या बोटांना लागायच्या कितीतरी आधी निळं परत येई. डॉक्टर कृष्णकांत हरकरे, या विभागाचे माजी प्रमुख, वय सहासष्ट, यांच्या आतड्यातली गाठ गेल्या सप्टेंबरात काढली होती. त्याआधीच्या त्यांच्या रक्तात निळं होतं. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत नळी दर महिन्याला पाण्यासारखी स्वच्छ. सर आपलं रक्त नेहमीच्या तपासण्यांसाठी आपल्याच जुन्या विभागात पाठवत, आणि चिठ्ठीवर लिहीत, 'चंपतकडेच देणे.' नेहमीच्या तपासण्या झाल्यावर उरलेलं चंपतराव स्वतःच्या कामासाठी ठेवत. ते काम कोणी सांगितलेलं नव्हतं, कोणी विचारतही नव्हतं. आता जगात एकाच माणसाला ठाऊक होतं की हरकऱ्यांच्या पोटात ते परत आलं आहे. खुद्द हरकऱ्यांनाही नव्हतं. जूनच्या बारा तारखेला ते मुलाकडे अमेरिकेला निघणार होते, सहा महिन्यांसाठी. सहा महिने पुष्कळ होतात, असा हिशेब चंपतरावांनी नळी हातात धरून केला, आणि मग डबा उघडून जेवायला बसले. आलूवांग्याची भाजी होती. ती त्यांना त्या दिवशी फार आवडली.

हेच निळं त्यांनी सोळा वर्षांपूर्वी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते चंपतराव नव्हते, नुसते चंपत होते. वॉर्डातून आलेलं, काम होऊन उरलेलं रक्त फेकायचं असे. ते न फेकता त्यांनी सहज, एका संध्याकाळी, ते औषध घालून तापवलं होतं. का, ते त्यांना आजही सांगता आलं नसतं. अकरा रोगी, त्यांतले सात निळे. महिनाभर त्यांनी ती वही छातीशी धरून सायकल चालवली, नागपूरच्या इंदोरा वस्तीतून कॉलेज आणि कॉलेजहून इंदोरा. घरात आई विचारायची, "काय आहे गा बाप्पा, त्या वहीत, असं सोन्यावानी?" आणि ते म्हणायचे, सोनंच आहे. मग एका शनिवारी विभागाच्या बैठकीत त्यांनी सात नळ्या लाकडी घोडीत उभ्या करून हरकरे सरांसमोर ठेवल्या. सरांना त्या दिवसांत मराठी परिभाषेची हौस होती. सरकारनं शास्त्रातले इंग्रजी शब्द मराठीत आणायला एक समिती नेमली होती, सर तिच्यावर होते, आणि चहाच्या कपाकडे पाहूनही ते त्याला संस्कृत धातू शोधत. त्यांनी नळ्या पाहिल्या, वही चाळली, चष्मा कपाळावर चढवला. "पेशीच्या बाहेर डीएनए? अरे चंपत, उद्या तू मला घराबाहेर घराचा पाया दाखवशील." लोक हसले. सरांना हशा मिळाला की पुढचा विनोद अधिक चांगला सुचे. "याला म्हणतात कंटॅमिनेशन. आम्ही महिनाभर समितीत याला शब्द शोधतोय, आणि आपल्याकडे अस्सल शब्द पडलाय की! विटाळ. नळी विटाळली रे, तुझ्या हातून. जा, धुऊन टाक."

खोलीत चौदा माणसं होती. अकरा हसली, चंपतनं ती मोजली होती, कारण मोजणं हेच त्याचं काम होतं. ती वाईट माणसं नव्हती, हीच अडचण होती. त्यांतल्या दोघांनी बहिणीच्या लग्नाला त्याला रजा मिळवून दिली होती, एकानं पुढे परीक्षेची फी भरली होती. विनोदही वाईट नव्हता. दुसऱ्या कोणावर असता तर चंपतही हसला असता. तो मोरीशी गेला आणि सातही नळ्या ओतल्या. निळं पाण्यात मिसळताना क्षणभर जास्तच निळं दिसलं आणि मग मोरीच्या जाळीतून गेलं. छप्पन सालच्या दसऱ्याला पांढरी साडी नेसून, दीक्षेच्या त्या अफाट गर्दीत एका हातानं त्याचं मनगट धरून उभी असलेली आई घरी आल्यावर म्हणाली होती, "झालं गा बाप्पा. आजपासून त्या शब्दाचं आन आपलं काही नातं नाही राहिलं." सात वर्षांनी तो शब्द शास्त्राच्या कामानिमित्त परत भेटला होता, आणि आईला हे कसं सांगावं हे न कळून त्या संध्याकाळी त्यानं वही मोहाच्या फुलांच्या डब्यामागे सारून ठेवली. आईनं विचारलं नाही. तिला विचारायचं नसे तेव्हा ती लुगड्याचा पदर दातांत धरून भाकरी थापत राही. पुढे सरांनी त्याच्या गोपनीय अहवालात एक ओळ लिहिली, 'काम समाधानकारक, हाताला स्वच्छता नाही.' त्या ओळीनं बढती सहा वर्षं दाराबाहेर उभी ठेवली. आणखी पुढे समितीचं पुस्तक छापून आलं. चंपतनं ग्रंथालयात ते उघडून सगळ्यात आधी तोच शब्द शोधला. कंटॅमिनेशन: दूषण. छापायला सरांनी स्वच्छ शब्द ठेवला होता. दुसरा होता तो फक्त चंपतसाठी काढलेला.

दोन वर्षांपूर्वी, म्हणजे सत्त्याहत्तरच्या पावसाळ्यात, त्याच ग्रंथालयात एक अमेरिकन मासिक आलं. ते पानं कापायला चंपतरावांकडे दिलं होतं. कॅन्सरच्या रोग्यांच्या सीरममधला मोकळा डीएनए. उपचारानं कमी होणारा. न झाल्यास वाईट लक्षण. आकडे, आलेख, शेवटी आभार. चंपतरावांनी लेख तीनदा वाचला, आणि तिसऱ्यांदा वाचताना त्यांच्या लक्षात आलं की आपण रागावलेलो नाही. राग यायला माणूस समोर लागतो. त्यांनी मासिक जागच्या जागी ठेवलं, घरी येऊन डब्यामागची वही काढली, तिच्यावरची मोहाच्या फुलांची भुकटी झटकली आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा काम सुरू केलं. एकटे. एक वर्षानं, सप्टेंबरात, टेबलावर एक नळी आली आणि तिच्यावर हरकऱ्यांचं नाव होतं. तेव्हा मात्र राग आला. इतका व्यवस्थित, इतका ताजा, की जणू कोणी तो बर्फात ठेवून जपला होता.

आता नऊ तारखेचं निळं हाती आल्यावर एक अडचण होती, आणि चंपतरावांनी ती प्रामाणिकपणे रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात लिहिली. त्या सकाळी वीज गेली होती. रक्त फिरवून वेगळं करायचं मशीन अर्ध्यातच थांबलं, आणि दीड तास ते रक्त नागपूरच्या मे महिन्यात तसंच उभं राहिलं. अशा उकाड्यात रक्तातल्या चांगल्या पेशीही फुटतात, आतला डीएनए बाहेर सांडतो, आणि निरोगी माणसाची नळीसुद्धा निळी होऊ शकते. म्हणजे निळं खरं असेल किंवा खोटं. खात्री झाल्याशिवाय तोंड उघडू नये हा शास्त्राचा नियम, आणि चंपतरावांना तो त्या तीन आठवड्यांत एकाएकी फार प्रिय झाला. त्यांच्या आयुष्यात शास्त्र आणि सूड प्रथमच एका बाजूला उभे होते. पुन्हा रक्त मागवणं सोपं होतं. एक चिठ्ठी पुरली असती. ते रोज सकाळी ती चिठ्ठी लिहायचं ठरवत आणि रोज संध्याकाळी सायकलवरून घरी जाताना आठवण होऊन स्वतःशी हसत. कुलरच्या वाळ्याला पाणी मारताना ते गुणगुणत. प्रेमिला, त्यांची बायको, दारातून बघत उभी राही. "काहून जी, लॉटरी लागली काय?" "नाही." "मंग हे काय चालू हाय? पंधरा वर्षांत कधी नाही गायलात. मले भेव वाटून राहिलं." त्यांनी तिला सांगितलं. सगळं नाही, एवढंच की एका माणसाचा आजार मला ठाऊक आहे आणि त्याला नाही. प्रेमिलानं सूप खाली ठेवलं. "कोन?" "हरकरे." सरांचा तो 'विटाळ' तिला लग्नाच्या पहिल्या वर्षीच सांगितलेला होता. मग म्हणाली, "त्याले ठावं नाही, तर मंग तुमचा सूड त्याले कसा समजन? तो तर आपला मजेत मरन." आणि पुन्हा सूप उचललं.

ही गोष्ट चंपतरावांच्या ध्यानात आली नव्हती. रात्रभर ती चपलेतल्या खड्यासारखी टोचत राहिली. हरकरे विमानात बसतील, मुलाच्या घरी नातवाला खेळवतील, तिथे पोटात दुखेल, तिथले डॉक्टर हळहळतील, आणि हरकऱ्यांना शेवटपर्यंत हेच वाटेल की आपण एक सभ्य, विनोदी, परिभाषेला हातभार लावलेले गृहस्थ होतो. सोळा वर्षांत चंपतरावांनी मनात एक वाक्य घासूनपुसून ठेवलं होतं. ते म्हणायला हरकऱ्यांचे कान लागत होते, आणि कानांमागचं डोकं जागं लागत होतं.

तीस तारखेला, बुधवारीच, हरकरे सर स्वतः आले. धुवट धोतर, हातात छत्री, काखेत संत्राबर्फीचा डबा. "सर्जननं हिरवा कंदील दाखवला, चंपत! पोट तपासलं, फोटो काढला, सगळं साफ. म्हटलं जायच्या आधी विभागात तोंड गोड करावं." त्यांनी स्वतःच्या हातानं बर्फी दिली. पूर्वी ते डबा टेबलावर ठेवत आणि 'घ्या रे' म्हणत; आजारानं माणूस जरा जवळ आला होता. विभागातल्या नव्या डॉक्टरांना सांगू लागले, "मी माझं रक्त दुसऱ्या कोणाच्या हाती देत नाही बरं का. चंपतच्या हातासारखा स्वच्छ हात अख्ख्या नागपुरात नाही." चंपतरावांच्या तोंडातली बर्फी विरघळायची थांबली. नवे डॉक्टर गेल्यावर त्यांनी अगदी सहज, उपकरण पुसता पुसता, विचारलं, "सर, त्रेसष्ट साल आठवते काय? माझ्या सात निळ्या नळ्या?" हरकऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. त्यांनी खरंच आठवून पाहिलं. ते चंपतरावांना दिसलं, आणि तेच सहन झालं नाही. "निळ्या? कसल्या रे? ग्लुकोजच्या का?" अकरा माणसं हसली होती आणि हसवणाऱ्याला काही आठवत नव्हतं. चंपतरावांनी कपाटातून ग्रंथालयाचं ते मासिक काढलं, वही काढली, रजिस्टर बाजूलाच ठेवलं, आणि नेहमीच्या आवाजात, जसं साखरेचं प्रमाण सांगावं तसं, सांगितलं.

हरकऱ्यांनी आधी मासिक वाचलं. उभ्यानं सुरू केलं आणि दुसऱ्या पानावर बसले. "अमेरिकेत केलंय म्हणजे..." एवढं म्हणून थांबले. मग वही उघडली. त्रेसष्ट सालच्या शाईवर बोट ठेवून अकरा नावं वाचली. बोट सातव्या निळ्यापाशी थांबलं, पण चेहऱ्यावर काही उमटलं नाही. आठवण आली की नाही हे चंपतरावांना तेव्हा कळलं नाही. रजिस्टर त्यांनी मागितलं नाही. "वीज गेली होती म्हणतोस. मग हे निळं काही धरता येत नाही," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात परत तो जुना, वर्गात शिकवणारा माणूस आला. "आत्ता कर. माझ्यासमोर. कंट्रोल पाहिजे. तुझंच निरोगी रक्त घेऊ तुलनेला, दोन नळ्या शेजारीशेजारी. आणि हे बघ, तुझ्यावर माझा विश्वास आहे रे, पण नळ्या मी धुतो."

आणि त्यांनी धुतल्या. डॉक्टर कृष्णकांत हरकरे मोरीशी उभे राहिले, धोतराचा सोगा खोचला, आणि काचेची भांडी धुणाऱ्या गोपिकाबाईकडून ब्रश मागून घेतला. गोपिकाबाई, विभागात वीस वर्षं काढलेली बाई, तोंडाला पदर लावून बाजूला झाली. "मास्तरसाहेब, मी घासतो ना. तुमाले सवय नाही." "राहू दे, बाई." त्यांनी आम्लानं धुतल्या, नळाच्या पाण्यानं धुतल्या, मग शुद्ध पाण्यानं सात वेळा. सातवा आकडा त्यांनी मनाशी मोजला तरी ओठ हलले. सहासष्ट वर्षांच्या त्या हातांना थोडा कंप होता, आणि नळी उजेडात धरून बघताना ते जसे बघत होते तसं चंपतरावांनी त्यांना कधी बघताना पाहिलं नव्हतं, गुन्हेगार शोधल्यासारखं. चंपतराव स्टुलावर बसून होते. मोरीशी उभा असलेला माणूस पाठमोरा कसा दिसतो हे त्यांना आजवर माहीत नव्हतं. ते मन लावून बघत राहिले. मग दोघांनी बाह्या वर केल्या. नव्या डॉक्टरांपैकी एकानं रक्त काढलं, आधी सरांचं, मग चंपतरावांचं, आणि दोन्ही एकाच रंगाची निघाली. मशीन लगेच फिरलं. वीज गेली नाही. चंपतराव मनात ती जावी म्हणत होते की राहावी, ते त्यांना नीट ठरवता आलं नाही. मधले सोपस्कार झाले, नळ्यांवर दोघांची नावं आली, औषध पडलं, आणि दोन्ही नळ्या उकळत्या पाण्यात उतरल्या. दहा मिनिटं. हरकऱ्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "नातू चार वर्षांचा आहे," ते एकदा म्हणाले. चंपतरावांनी मान हलवली. पाण्यात बुडबुडे येत होते.

चिमट्यानं नळ्या हरकऱ्यांनीच काढल्या. घोडीत ठेवल्या, मागे पांढरा कागद धरला. डावीकडची, चंपतरावांची, नितळ होती. कोणी तिच्यात औषध घातलंय असं वाटूही नये इतकी. उजवीकडची निळी होती. नऊ तारखेपेक्षा निळी. वस्तीतल्या झेंड्याएवढी नव्हे, पण त्या वाटेवरची.

सोळा वर्षं तयार असलेलं वाक्य जिभेवर आलं, आणि चंपतरावांनी ते जसं ठरवलं होतं तसंच, हळू, जवळजवळ मायेनं म्हटलं. "नळी विटाळली असेल, सर."

हरकरे वळले नाहीत. पण त्यांच्या कानांच्या मागे, पांढऱ्या केसांखाली, काहीतरी हललं, आणि चंपतरावांना कळलं की आठवलं. सगळं आठवलं, कदाचित हसणारी अकरा माणसंही. "कोणाच्या हातून?" हरकऱ्यांनी विचारलं. आवाज कोरडा होता.

"तुमच्या."

"हो," हरकरे म्हणाले. "दोन्ही मीच धुतल्या." ते डाव्या नळीकडे बघत होते. वर्गात प्रश्न विचारून ते उत्तरासाठी असेच थांबत, आणि उत्तर त्यांना आधीच ठाऊक असे. "मग तुझी का नाही झाली?"

हरकऱ्यांना त्या क्षणी वाक्य पकडता आलं असतं. हो, विटाळली, माझ्या हाताला कंप आहे, असं म्हणून बर्फीचा रिकामा डबा काखेत मारून जाता आलं असतं, आणि चंपतरावांनी जाऊ दिलं असतं. त्याच हेतूनं तर ते दार उघडं टाकलं होतं. पण हरकऱ्यांनी टेबलावरचं रजिस्टर ओढलं. आजची तारीख घालायला पान उलटलं आणि बोट आदल्या ओळीवर गेलं. नऊ मे. निळे. "आज तीस," ते म्हणाले. "एकवीस दिवस."

"वीज गेली होती, सर. खात्री नव्हती."

"एक चिठ्ठी पाठवायची."

"हो."

"पाठवली नाहीस."

"नाही."

हरकऱ्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. चंपतरावांनी वाट पाहिली. शिवीची, रडण्याची, वर तक्रार करण्याची. कशालाही ते तयार होते, कशानंही पोट भरलं असतं. हरकऱ्यांनी फक्त त्यांच्याकडे नीट पाहिलं, बावीस वर्षांत प्रथमच, नळी पाहावी तसं, मागे पांढरा कागद धरून. मग पेनचं टोपण काढलं आणि लिहिलं: 'कंट्रोल: चं. टेंभुर्णे, स्वच्छ. रोगी: कृ. हरकरे, निळे. दोन्ही नळ्या मी स्वतः धुतल्या.' खाली सही केली. तीच सही, जी गोपनीय अहवालाच्या ओळीखाली होती. तेवढीच लपेटदार. "सर्जनला फोन लावून देता का, चंपतराव?" ते म्हणाले.

ती दोन अक्षरं सरांच्या तोंडून कधी ना कधी ऐकायची त्यांची इच्छा होती. ती आता भीतीच्या हातून आली होती, आणि भीतीनं दिलेली वस्तू परत कुणाच्या तोंडावर फेकावी हे कळेना. चंपतरावांनी फोन लावला. नंबर त्यांना पाठ होता. एकवीस दिवस पाठ होता. हरकऱ्यांचं बोलणं संपेपर्यंत ते खिडकीशी उभे राहिले. बोलताना सरांनी 'विभागातले टेंभुर्णे' असं दोनदा म्हटलं. मग छत्री घेऊन ते जिना उतरले, आणि बर्फीचा डबा टेबलावरच राहिला.

गोपिकाबाई बादली घेऊन आली. तिनं घोडीतल्या दोन नळ्या पाहिल्या आणि सवयीनं हात पुढे केला. "झालं ना, भाऊ? धुवून टाकू ह्या?"

"नाही," चंपतराव म्हणाले. "त्या धुवायच्या नाहीत."

"उद्या लागतीन ना पन कामाले. आधीच नळ्या कमी हायेत."

"कमी असू दे." त्यांनी दोन्ही नळ्यांना बूच लावलं, घोडी उचलली आणि खिडकीत नेऊन ठेवली, जिथे दारातून येणाऱ्या प्रत्येकाला आधी ती दिसेल. नितळ डावीकडे, निळी उजवीकडे. थोडा वेळ बघून त्यांनी आपली नळी किंचित फिरवली, नाव बाहेरच्या बाजूला येईल अशी. मग हरकऱ्यांचीही फिरवली.